किडनीचा कॅन्सर शिरेत शिरला म्हणजे सगळं संपलं का? रिपोर्टमधली ती 'गुठळी' समजून घ्या

गेल्या महिन्यात आमच्या डिजिटल डेस्कच्या इनबॉक्समध्ये एका वाचकाने सीटी स्कॅनच्या रिपोर्टचा फोटो पाठवला. रत्नागिरी जिल्ह्यातलाच मुलगा. रिपोर्ट वडिलांचा. उजव्या किडनीत मोठी गाठ, आणि खाली ठळक अक्षरात 'ट्यूमर थ्रॉम्बस' असे दोन शब्द. गाठ किडनीच्या शिरेतून पोटातल्या मुख्य शिरेत गेली आहे, असा त्याचा अर्थ. सोबत मेसेज होता: "रक्ताची गुठळी आहे म्हणाले. रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी विरघळेल ना?"

दहा मिनिटांनी दुसरा मेसेज आला. ओळखीच्या एका जाणत्या माणसाने रिपोर्ट बघून सांगितलं होतं की कॅन्सर हृदयाच्या दिशेने चाललाय, ही शेवटची स्टेज, आता मुंबईला नेऊन म्हाताऱ्याचे हाल करू नका.

एकाच रिपोर्टमधून दोन निष्कर्ष निघाले होते. एक म्हणजे गोळ्या घेतल्या की बरं होईल. दुसरा म्हणजे आता काहीच करण्यासारखं नाही. दोन्ही चुकीचे, आणि दोन्हींचा परिणाम एकच. माणूस घरी बसून राहतो.

मी डॉक्टर नाही. मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून बातमीदारीत आलेला माणूस आहे. त्या मेसेजला उत्तर द्यायला जे वाचत गेलो, त्यातून हा लेख झाला. माहिती आहे तशी देतो. शेवटी आपल्या जिल्ह्याने याबाबत काय करावं यावर माझं स्वतःचं मत आहे. ते सगळ्यांना आवडेल असं नाही.

गुठळी नव्हे, गाठीची शेपटी

आधी शरीराची रचना. किडनीतून शुद्ध झालेलं रक्त एका शिरेने बाहेर पडतं आणि पोटातल्या सगळ्यात मोठ्या शिरेला मिळतं. डॉक्टर तिला इन्फिरिअर व्हेना कॅव्हा किंवा नुसतं 'आयव्हीसी' म्हणतात. आपण मोठी शीर म्हणू. पाय, पोट, किडन्या या सगळ्यांचं रक्त हीच शीर वर नेते. ती यकृताच्या मागून जाते, छाती आणि पोटामधला पडदा ओलांडते आणि सरळ हृदयाच्या उजव्या कप्प्यात उघडते.

किडनीच्या कॅन्सरची एक विचित्र खोड आहे. ही गाठ नुसती फुगत नाही, तर रक्तवाहिन्यांच्या आतून वाढत जाते. वेल कौलांच्या फटीतून आत शिरावा तशी ती किडनीच्या शिरेत शिरते, तिथून मोठ्या शिरेत येते आणि रक्ताच्या प्रवाहाबरोबर वर सरकते. किडनीच्या कॅन्सरच्या साधारण ४ ते १० टक्के रुग्णांमध्ये निदानाच्या वेळीच असं झालेलं असतं. उजव्या बाजूला हे जास्त दिसतं, कारण उजव्या किडनीची शीर आखूड असते आणि मोठ्या शिरेपर्यंतचा रस्ता जवळचा पडतो.

या खोडीचं मूळ जनुकात आहे. किडनीच्या कॅन्सरचा जो सर्वात जास्त आढळणारा प्रकार आहे, त्यात 'व्हीएचएल' नावाचं जनुक बहुतेक वेळा बिघडलेलं असतं. ते बिघडलं की पेशींना वाटतं आपल्याला ऑक्सिजन कमी पडतोय, आणि त्या नव्या रक्तवाहिन्या मागवत राहतात. पेशी ऑक्सिजन कसा ओळखतात हे उलगडल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. केलिन यांचं काम याच जनुकावरचं. हा कॅन्सर रक्ताळलेला का असतो, ते यातून कळतं.

म्हणजे रिपोर्टमधला 'थ्रॉम्बस' हा शब्द फसवा आहे. पायाच्या शिरेत होते ती गुठळी रक्ताची असते. ही गुठळी कॅन्सरच्या पेशींची असते. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या असतात, ती जिवंत असते आणि वाढत असते. रक्त पातळ करणाऱ्या औषधाने ती विरघळत नाही. आता गोंधळ असा की डॉक्टर कधीकधी ती औषधं देतातही, कारण या शेपटीभोवती प्रवाह अडतो आणि तिथे खरीखुरी रक्ताची गुठळी जमू शकते. ती सुटून फुफ्फुसात गेली तर जीव जातो. म्हणून औषध दिलं तर ते घ्यायचं, पण तो कॅन्सरवरचा उपचार आहे असं समजून महिनाभर वाट बघत बसायचं नाही.

बऱ्याच वेळा ही शेपटी शिरेच्या भिंतीला चिकटलेली नसते. पोकळीत नुसती लोंबत असते. त्यामुळेच ती ओढून बाहेर काढता येते. सगळं ऑपरेशन याच एका गोष्टीवर उभं आहे.

हृदयापर्यंत पोचला तरी तिसरी स्टेज

हा भाग मला स्वतःला धक्का देणारा होता. कॅन्सरची स्टेज ठरवण्याची जगभर वापरली जाणारी पद्धत आहे. तिच्यात किडनीच्या शिरेपुरती गाठ असेल तर 'टी३ए', मोठ्या शिरेत पण पडद्याच्या खाली असेल तर 'टी३बी', आणि पडद्याच्या वर गेली किंवा शिरेच्या भिंतीतच घुसली तर 'टी३सी'. हे तिन्ही प्रकार तिसऱ्या स्टेजमध्ये मोडतात. कॅन्सर दुसऱ्या अवयवात पसरलेला नसेल आणि शेजारच्या अवयवांत थेट घुसलेला नसेल, तर शेपटी हृदयाच्या कप्प्यात डोकावत असली तरी ती चौथी स्टेज नाही.

'हृदयाच्या दिशेने चाललाय' हे वाक्य ऐकायला भयंकर आहे, पण शिरेत सरकणं वेगळं आणि फुफ्फुसात, हाडात, यकृतात बी पडणं वेगळं. पहिल्या प्रकारात सगळा कॅन्सर अजून एकाच तुकड्यात असतो. तुकडा लांब आहे, अवघड जागी आहे, पण एक आहे.

आता आकडे. ते गोड नाहीत, पण लपवून उपयोग नाही.

ऑपरेशन झालंच नाही तर काय होतं, याचा अभ्यास अमेरिकेच्या कॅन्सर नोंदणीतून २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. गाठ शिरेत गेलेले आणि काहीच उपचार न झालेले ३९० रुग्ण त्यात होते. त्यांतले निम्मे साधारण ५ महिन्यांच्या आत गेले. वर्षभरानंतर दहातले तीनच उरले होते.

ऑपरेशन झालेल्यांचा मोठा अभ्यास २०११ चा आहे. अमेरिका आणि युरोपातल्या केंद्रांमधले १,२१५ रुग्ण. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण किडनीच्या शिरेपुरती गाठ असलेल्यांत ४३ टक्के, पडद्याखालच्या मोठ्या शिरेत असलेल्यांत ३७ टक्के आणि पडद्याच्या वर गेलेल्यांत २२ टक्के. यात कॅन्सर इतरत्र पसरलेले रुग्णही धरलेले आहेत. ज्यांच्यात तो कुठेच पसरलेला नव्हता त्यांच्यापुरतं बघितलं तर वेगवेगळ्या अभ्यासांत पाच वर्षांचं प्रमाण ४० ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान येतं.

एका बाजूला पाच महिने, दुसऱ्या बाजूला पाच वर्षांनंतरही जवळपास निम्मे लोक. हे दोन गट अगदी सारखे नव्हते हे खरं. ज्यांना ऑपरेशन झेपणार नव्हतं असे जास्त आजारी लोक पहिल्या गटात असणार. तरीही एवढी दरी नुसत्या निवडीने पडत नाही. म्हणून 'नेऊन हाल करू नका' हा सल्ला मला दयेचा वाटत नाही. तो अपुऱ्या माहितीचा आहे, आणि त्याची किंमत सल्ला देणारा मोजत नाही.

टेबलावर नेमकं काय होतं

किडनीसकट ही शेपटी बाहेर काढायची कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कच्या बर्ग नावाच्या सर्जननी १९१३ मध्येच मोठी शीर उघडून गाठ काढल्याचं नोंदवलं होतं. पण हे ऑपरेशन करून माणूस खरंच जास्त जगतो, हे ठामपणे मांडलं गेलं १९७२ मध्ये, डोनाल्ड स्किनर आणि सहकाऱ्यांच्या लेखात. तोवर बहुतेक सर्जन गाठ मोठ्या शिरेत दिसली की पोट बंद करत.

शेपटी कुठवर गेली आहे त्यावर सगळं ठरतं. मेयो क्लिनिकच्या नेव्हस आणि झिंके यांनी १९८७ मध्ये केलेली वर्गवारी आजही वापरतात. शून्य म्हणजे किडनीच्या शिरेपुरती. एक म्हणजे मोठ्या शिरेच्या तोंडाशी, दोन सेंटिमीटरच्या आत. दोन म्हणजे त्याहून वर, पण यकृताच्या शिरांच्या खाली. तीन म्हणजे यकृताच्या मागे, पडद्यापर्यंत. चार म्हणजे पडद्याच्या वर, हृदयाकडे. रिपोर्टमध्ये 'लेव्हल' हा शब्द दिसला तर तो हाच. स्टेज आणि लेव्हल यांची गल्लत करू नका. लेव्हल चार म्हणजे स्टेज चार नव्हे.

इंजिनिअर म्हणून मला यात पंपाची सक्शन लाइन दिसते. हृदय हा पंप आणि मोठी शीर ही त्याच्याकडे येणारी लाइन. चालू पंपाची सक्शन लाइन अडवून, उघडून, आतला गाळ सबंध एका तुकड्यात काढून, हवा आत जाऊ न देता परत बंद करायची, आणि पंप बंद करायची सोय नाही. वर्कशॉपमध्ये कुणी असं काम सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं.

सर्जन आधी किडनीला रक्त नेणारी धमनी बांधतात. पुरवठा तुटला की गाठ थोडी आकसते आणि रक्तस्राव कमी होतो. तोवर शिरेला शक्यतो हात लावत नाहीत, कारण शेपटीचा तुकडा सुटून फुफ्फुसात गेला तर माणूस टेबलावरच जाऊ शकतो. मग मोठी शीर खालून पकडायची, दुसऱ्या किडनीची शीर पकडायची, आणि शेपटीच्या टोकाच्या वर पकडायचं. तिन्ही बाजू बंद झाल्या की शीर उभी चिरून शेपटी किडनीसकट बाहेर काढतात. आतून धुतात, बारीक अखंड टाक्याने शिवतात. चिमटे सोडतानाही क्रम असतो. आधी खालचा, म्हणजे आत अडकलेली हवा रक्ताबरोबर बाहेर पडते. हृदयाकडे काय चाललंय हे बघायला अन्ननलिकेत सोनोग्राफीची नळी घातलेली असते.

लेव्हल तीनला यकृत मध्ये येतं. ते मोठ्या शिरेवरून सोडवून बाजूला करावं लागतं. हे कसब यकृत प्रत्यारोपण करणाऱ्या सर्जनांकडून आलेलं आहे. लेव्हल चारला अनेकदा छाती उघडून हार्ट-लंग मशीन लावतात, आणि काही वेळा शरीराचं तापमान १८ ते २० अंशांपर्यंत उतरवून रक्ताभिसरण काही मिनिटांसाठी पूर्ण थांबवतात. शेपटी शिरेच्या भिंतीत घुसली असेल तर तेवढा तुकडा कापून कृत्रिम ठिगळ लावतात. कधीकधी मोठी शीर हळूहळू इतकी बंद झालेली असते की शरीराने आजूबाजूने बायपास रस्ते आधीच तयार केलेले असतात. अशा वेळी तो भाग काढून टाकला तरी चालतं.

धोका किती? मेयो क्लिनिकने १९७० ते २००० या काळातल्या ५४० रुग्णांचा हिशेब दिला आहे. ऑपरेशननंतर लवकर उद्भवणाऱ्या गुंतागुंतींचं प्रमाण लेव्हल शून्यला ९ टक्क्यांच्या आसपास होतं, लेव्हल चारला ३० टक्के. वरच्या लेव्हलच्या ऑपरेशनमध्ये शंभरातले पाच-दहा रुग्ण त्याच काळात दगावू शकतात. सही करण्यापूर्वी हा आकडा सर्जनला सरळ विचारा. चांगला सर्जन चिडत नाही.

रोबोटने हे करता येतं का, असं हल्ली सगळे विचारतात. येतं, निवडक रुग्णांत. भारतीय वंशाचे अमेरिकेतले सर्जन इंदरबीर गिल यांच्या गटाने २०१५ मध्ये लेव्हल तीनपर्यंतची रोबोटिक ऑपरेशनं प्रसिद्ध केली. पण रोबोट आहे म्हणून हॉस्पिटल निवडू नका. अशी किती ऑपरेशनं केली आहेत, ते विचारून निवडा.

लघवीतलं रक्त आणि पानफुटीचा रस

आता आपल्या घरातली गोष्ट. आमच्याकडे लघवी लाल झाली की पहिला शब्द येतो 'उन्हाळी लागली'. मग कोकम सरबत, सब्जा, नारळपाणी. त्याने नाही गेलं तर 'मुतखडा असेल' म्हणून पानफुटीच्या पानांचा रस नाहीतर कुळथाचं कढण. मीही लहानपणी प्यायलोय. यातल्या कशाने नुकसान होत नाही, पण वेळ जातो.

खड्याचं रक्त बहुतेक वेळा कळ घेऊन येतं. वेदना न होता आलेलं रक्त जास्त काळजीचं असतं. ते एकदा येतं, आपोआप थांबतं, माणूस विसरून जातो आणि दोन-तीन महिन्यांनी परत येतं. चाळिशीनंतर लघवीत एकदा जरी असं रक्त दिसलं, तरी सोनोग्राफी करून घ्या. पुस्तकात किडनीच्या कॅन्सरची तीन लक्षणं दिलेली असतात: लघवीत रक्त, कुशीत दुखणं, हाताला लागणारी गाठ. ही तिन्ही एकत्र असणारे रुग्ण दहात एकसुद्धा नसतात. आज बरेचसे रुग्ण भलत्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत सापडतात.

गाठ मोठ्या शिरेत गेली असेल तर काही वेगळ्या खुणा दिसू शकतात. दोन्ही पायांना सूज. पोटाच्या कातडीवर फुगलेल्या शिरा. पुरुषांमध्ये अंडकोषाच्या वरच्या शिरा अचानक फुगणं आणि आडवं झाल्यावरही त्या न उतरणं, विशेषतः उजव्या बाजूला. ही शेवटची खूण लोक लाजेने सांगत नाहीत. सिगारेट, वजन आणि उच्च रक्तदाब हे तीन धोके माहीत असलेले आहेत. रक्तदाब असलेल्यांनी तर हे लक्षात ठेवावंच.

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनाही एक विनंती करावीशी वाटते. किडनीत गाठ दिसली की त्याच बैठकीत डॉपलर लावून किडनीची शीर आणि मोठी शीर बघून रिपोर्टमध्ये एक ओळ लिहा. शीर मोकळी आहे की नाही एवढंच. त्या एका ओळीने पुढचे पंधरा दिवस वाचतात.

रत्नागिरीत हे ऑपरेशन व्हायला हवं का?

आपल्याकडे आरोग्याच्या प्रत्येक चर्चेचा शेवट एकाच मागणीवर होतो. 'आमच्या जिल्ह्यात ही सोय का नाही?' मागणी रास्त वाटते. रत्नागिरीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, चिपळूणजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आणि त्याचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. मग मुंबई कशाला?

या एका ऑपरेशनपुरतं माझं उत्तर आहे: इथे होऊ नये. रागावण्याआधी साधा हिशेब बघा.

भारतात किडनीच्या कॅन्सरचे दरवर्षी अंदाजे १७ हजार नवे रुग्ण सापडतात. त्यातले ४ ते १० टक्के म्हणजे ६८० ते १,७०० जणांची गाठ शिरेत गेलेली. लोकसंख्येच्या प्रमाणात महाराष्ट्राच्या वाट्याला वर्षाला साधारण ६० ते १६० येतात. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाखांच्या वर होती. त्या हिशेबाने आपल्या जिल्ह्यात असे रुग्ण वर्षाला एक किंवा दोन. आपल्याकडे निदान उशिरा होतं म्हणून आकडा दुप्पट धरला तरी चार. त्यातही यकृताच्या मागे किंवा हृदयाकडे गेलेले आणखी थोडे.

वर्षातून एकदा हे ऑपरेशन करणाऱ्या टीमच्या टेबलावर तुम्ही तुमच्या वडिलांना झोपवाल का? यात युरॉलॉजीचा सर्जन, यकृताचा सर्जन, हृदयाचा सर्जन, भूल देणारा अनुभवी डॉक्टर, हार्ट-लंग मशीन चालवणारा तंत्रज्ञ, रक्तपेढी आणि रात्रभर जागा असणारा आयसीयू हे सगळं एका छताखाली, एका दिवशी लागतं. हात बसायला आकडा लागतो. मासळीबाजारात सुरमई कापणारी बाई डोळे मिटून सारखे तुकडे करते, कारण ती रोज कापते.

परळमध्ये रस्त्याच्या दोन बाजूंना टाटा मेमोरियल आणि केईएम आहेत. टाटा १९४१ मध्ये सुरू झालं, केईएम १९२६ मध्ये. केईएममध्येच डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं होतं. रुग्ण काही तासच जगला, पण हृदय थांबवून काम करण्याची परंपरा या शहरात किती जुनी आहे ते त्यावरून दिसतं. हे सगळं उभं राहायला पिढ्या लागल्या. ते छत्तीस जिल्ह्यांत वाटून टाकलं तर प्रत्येक जिल्ह्याला थोडंथोडं मिळेल आणि कुठेच पुरेसं उरणार नाही.

मग रत्नागिरीने काय मागावं? माझ्या मते, आठ दिवस. संशयित रिपोर्ट हातात पडल्यापासून आठ दिवसांत रुग्ण योग्य टेबलासमोर बसलेला असावा, एवढंच. यासाठी नवी इमारत लागत नाही. जिल्ह्यातच नीट केलेला सीटी किंवा एमआरआय हवा, आणि तो सीडीवर न देता थेट मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरला दिसेल अशी सोय हवी. ठरलेली तारीख घेऊन पाठवणारा एक माणूस हवा. आणि प्रवासाचा, राहण्याचा खर्च हवा.

वेळेचा मुद्दा थोडा खोलात सांगतो. ही शेपटी वाढत असते. म्हणून ऑपरेशनच्या आधीचा स्कॅन ताजा लागतो. तो महिन्याच्या आतला हवा, आणि बरेच सर्जन दोन आठवड्यांच्या आतला मागतात. तुम्ही गावात स्कॅन केला, सल्लामसलतीत महिना घालवला आणि मग मुंबईला गेलात, तर स्कॅन परत होतो. पैसे परत जातात. आणि दरम्यान लेव्हल दोनची तीन झालेली असू शकते, म्हणजे वेगळं ऑपरेशन, वेगळा धोका.

पैशांचं बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो. भरती होण्याआधी त्याच्याकडे जा. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते घरूनच बघून निघा. नावाच्या स्पेलिंगपायी थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. शिवाय मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता कक्ष आहे. पण ऑपरेशन मोफत झालं तरी सोबतचा माणूस महिनाभर मुंबईत कुठे राहणार, काय खाणार, आणि इथल्या कामाचे पैसे कुणी द्यायचे? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती या जागांनी कितीतरी कुटुंबांना छप्पर दिलं आहे. तरी टाटाच्या बाहेर फुटपाथवर झोपलेली माणसं कुणीही जाऊन बघावीत. रात्री कोकणकन्या पकडली की सकाळी मुंबई, असं आपण सहज म्हणतो. पायांना सूज आलेल्या माणसाला जनरल डब्यातून नेऊन बघा.

म्हणून माझं म्हणणं, जिल्हा नियोजनाच्या बैठकीत मशिनच्या खरेदीइतकीच चर्चा रुग्णाच्या तिकिटावर व्हायला हवी. तिकिटाची फीत कापता येत नाही, ही त्यातली अडचण मला कळते.

ऑपरेशननंतर आणि ऑपरेशनऐवजी

औषधांनीच शेपटी आकसवता आली तर? ब्रिटनमध्ये 'नॅक्सिव्हा' नावाची छोटी चाचणी झाली. २० रुग्णांना ऑपरेशनआधी ॲक्सिटिनिब ही गोळी दिली. त्यातल्या ७ जणांची लेव्हल खाली उतरली. आशादायक आहे, पण वीस रुग्णांवरून नियम होत नाही. आज तरी पसरलेला नसेल तर ऑपरेशन हाच मुख्य उपचार.

ऑपरेशन झाल्यावर कॅन्सर परत येण्याची शक्यता या रुग्णांत बरीच असते, म्हणून काही वर्षं ठरावीक काळाने स्कॅन करत राहावं लागतं. ते चुकवू नका. पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध ऑपरेशननंतर वर्षभर दिलं तर फायदा होतो, हे ९९४ रुग्णांच्या चाचणीत दिसलं. २०२४ च्या निकालानुसार चार वर्षांनी औषध घेतलेले ९१ टक्के जिवंत होते, न घेतलेले ८६ टक्के. फरक खरा आहे, पण औषधाच्या एकेका डोसची किंमत लाखांत जाते. शंभरातल्या पाच जणांच्या फायद्यासाठी घर विकायचं का, हा प्रश्न डॉक्टरला थेट विचारायला संकोचू नका. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅबचा अगदी कमी डोस वापरून रुग्ण जास्त जगतात हे २०२३ मध्ये दाखवलं. किडनीच्या कॅन्सरसाठी तो पुरावा लागू होत नाही, पण आपल्या खिशाला परवडेल असं संशोधन आपल्याकडेच व्हावं लागतं, हे त्यातून दिसतं.

कॅन्सर आधीच इतर अवयवांत पसरलेला असेल तर गणित बदलतं. तिथे आधी औषधं की आधी ऑपरेशन, हे रुग्णागणिक ठरतं. आणि काही माणसांचं वय, हृदय, अंगातली ताकद बघून ऑपरेशन नको असं ठरू शकतं. तो निर्णयही योग्य असू शकतो. फक्त तो हे ऑपरेशन करणाऱ्या टीमने रुग्णाला समोर बसवून घेतलेला असावा.

त्या मुलाला मी हे सगळं तुकड्या-तुकड्यांत व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं. मध्ये आठ-दहा दिवस काहीच उत्तर नव्हतं. परवा मेसेज आला. वडील मुंबईत दाखल आहेत, छातीत-यकृतात काही पसरलेलं नाही, लेव्हल दोन निघाली, पुढच्या आठवड्यातली तारीख मिळाली आहे. खाली नेहमीसारखी एकच ओळ: "रक्तदाते लागणार म्हणाले. मुंबईत आपल्याकडची कोण मुलं आहेत का?"